तरुणांचा बंगला

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली असेल, त्याने हे दोन्ही अनुभव पुरते घेतलेले असले पाहिजेत. मात्र या दोन उद्योगांमध्ये मराठी मध्यमवर्गाने पुष्कळच अंतर ठेवले. लग्न झाले पंचविशीत. घर उभे राहिले ते साठीच्या उंबरठ्यावर. पुण्या-नाशिकच्या, नागपूर-इंदूर-बडोद्याच्या जुन्या वसाहतींतून फेरफटका मारणाऱ्याने फाटकांवरील पाट्या वाचीत जावे. ‘श्रमसाफल्य’, ‘विश्रांती’, ‘कृतार्थ’ ही नावेच गृहप्रवेशाच्या वेळच्या वयाची साक्ष देतात. तीस-पस्तीस वर्षांची नोकरी, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, मुलींची लग्ने उरकल्यावर शिल्लक राहिलेले चार पैसे आणि दर दोन दिवसांनी गवंड्याशी घातलेली हुज्जत यांतून तो बंगला उभा राही. मालक त्यात राहावयास येई तेव्हा मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घराबाहेर पडलेली असत; अंगणातल्या आंब्याला मोहोर येई तो नातवंडांसाठी.

गेल्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियात आणि शिकागो शहरात याच नावाचे घर विकत घेतले जात होते. तेथील खरेदीदार मात्र निराळा होता. नुकते लग्न झालेला कारकून, कारखान्यातला कुशल कारागीर, शाळामास्तर, कालपरवा बोटीतून उतरलेल्या पोलिश किंवा चेक कुटुंबातला मुलगा, असे लोक आपल्या संसाराचा पहिला मुक्काम म्हणून बंगला घेत होते. शब्द आपल्याकडचा, वस्तूही मुळात आपल्याकडची. तरी एका देशात ती आयुष्यभराच्या कष्टांचे फळ ठरली, आणि दुसऱ्या देशात आयुष्याचा आरंभ. हा भेद कशामुळे झाला? तरुणांना ओढ लागली ती त्या घराच्या रूपाची, की रूपाहून निराळ्या कशाची? बंगल्याच्या तीनशे वर्षांच्या प्रवासात या प्रश्नाचे उत्तर सापडण्यासारखे आहे.

‘बंगला’ म्हणजे बंगालचा, बंगाली पद्धतीचा. पावसाने झोडपून निघणाऱ्या त्या सखल प्रदेशात शेतकऱ्याने बांबू, माती आणि गवत यांतून एक सुटसुटीत घर घडविले. त्याचे आढे सरळ नसून हत्तीच्या पाठीसारखे मध्ये उंचावलेले असे आणि दोन्ही टोकांकडे उतरत जाई. पाणी झरझर ओघळून जावे आणि भिंती कोरड्या राहाव्यात म्हणून पाखे चांगले खाली ओढलेले असत. हा आकार इतका डौलदार होता की तो झोपडीपुरता राहिला नाही. विष्णुपूरच्या मल्ल राजांनी १६५५ साली भाजलेल्या विटांचे जे ‘जोडबांगला’ मंदिर उभारले, त्यात अशाच दोन झोपड्या शेजारी शेजारी जोडल्यासारख्या दिसतात. शहाजहानच्या काळात लाहोरच्या किल्ल्यातील नौलखा मंडपावर तेच कमानदार छप्पर संगमरवरात अवतरले. बंगाली शेतकऱ्याच्या गवताच्या छपराने बादशहाच्या महालापर्यंत मजल मारली ती अशी.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी मात्र या घराकडे प्रथम पाहिले ते निव्वळ सोय म्हणून. १६७६ च्या सुमारास हुगळीच्या वखारीतील कंपनीच्या दप्तरात हा शब्द येतो. तेथे तो गलबतांवरील इंग्रज नोकरांसाठी उभारावयाच्या साध्या झोपड्यांना लावलेला आहे. पुढील दीडशे वर्षांत कंपनीचे व्यापारी राज्यकर्ते झाले, आणि त्यांच्याबरोबर झोपडीही बदलली. गवताच्या जागी कौले आली, मातीच्या जागी विटा आल्या. जोते उंच झाले, चहूबाजूंनी व्हरांडा आला आणि भोवती विस्तीर्ण आवार पसरले. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यात लष्कराची छावणी वसली. तेथे, आणि पुढे महाबळेश्वर-माथेरानच्या डोंगरांवर, मराठी माणसाने असे बंगले पाहिले. गावात वाडे एकमेकांना खेटून उभे असत, चौक आत असे, आणि गल्लीतल्या हाकेला माडीवरून ओ मिळे. बंगल्याचे सारेच उलट होते. फाटकापासून पायरीपर्यंत चालत जाण्यास वेळ लागे. मध्ये माळी, शिपाई आणि कुत्रा. त्या आवाराचा उपयोग हवेसाठी होता हे खरे, परंतु त्याहून अधिक तो अंतर राखण्यासाठी होता.

या बंगल्यात राहणारा साहेब पुष्कळदा तरुणच असे. पंचविशीतला साहाय्यक कलेक्टर दहा नोकरांच्या राबत्यात तेथे नांदे. पण ते घर त्याचे नव्हते. दोन-तीन वर्षांत बदलीचा हुकूम आला, की टेबल-खुर्च्यांचा लिलाव पुकारून तो पुढच्या जिल्ह्यातील तशाच दुसऱ्या बंगल्यात जाई. नव्या दिल्लीची राजधानी वसविताना हीच रीत आराखड्यातच गोवली गेली. १९११ साली जाहीर झालेल्या आणि १९३१ साली उद्घाटन झालेल्या त्या नगरीत अधिकाऱ्याचा जसा दर्जा तसे त्याचे आवार. येथे बंगल्याची ओढ म्हणजे हुद्द्याची ओढ होती. घर मिळे ते खुर्चीबरोबर, आणि जाई तेही खुर्चीबरोबरच.

निवृत्त साहेबांबरोबर आणि त्यांच्या आठवणींबरोबर हा शब्द विलायतेस पोहोचला. १८६९-७० च्या सुमारास केंट परगण्याच्या किनाऱ्यावर, वेस्टगेट आणि बर्चिंग्टन येथे, जॉन टेलर या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यांवरून समुद्रकाठचे पहिले इंग्रजी बंगले उभे राहिले. कवी आणि चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटी याने आपले अखेरचे दिवस बर्चिंग्टनच्या अशाच एका बंगल्यात काढले. एप्रिल १८८२ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. हे बंगले म्हणजे पैसेवाल्यांचे दुसरे घर होते. लंडनच्या धुरापासून चार दिवस सुटका मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. त्या काळी संसार मांडण्यासाठी बंगला घ्यावा, ही कल्पना इंग्लंडात कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

अटलांटिक ओलांडल्यावर या घराचे नशीब पालटले. अमेरिकेत बंगला या नावाने ओळखले गेलेले पहिले घर १८७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉडच्या किनाऱ्यावर झाले, आणि तेही उन्हाळी विश्रांतीसाठीच. परंतु शतक पालटत असता हे घर कॅलिफोर्नियास पोहोचले, आणि तेथे त्याला सर्व परिस्थिती अनुकूल मिळाली. हवा सौम्य, त्यामुळे खोल पाया आणि जाड भिंती यांची गरज नाही. वायव्येकडील जंगलांतून येणारे लाकूड मुबलक. आणि जमीन? तिची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हेन्री हंटिंग्टन या धनिकाने १९०१ साली ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ ही कंपनी काढून लॉस अँजेलिसच्या भोवती विजेच्या गाड्यांचे जाळे विणले. ज्या माळांवरून या गाड्या जात, त्यांतील पुष्कळ जमीन त्याच्याच दुसऱ्या कंपन्यांच्या मालकीची होती. रूळ टाकले की माळाचे भूखंड होत, आणि शहरात नोकरी करणारा तरुण थोडक्या भाड्यात कामावर जाऊन संध्याकाळी त्या भूखंडावरील आपल्या घरी परत येऊ शके. गाडीवाल्याचा नफा जमिनीत होता. पण त्याच्या लोभातून तरुण गृहस्थाची सोय झाली, हेही नाकारता येत नाही.

त्या घराचे रूपही तरुणांना मानवणारे होते. आदल्या पिढीचे घर म्हणजे दोन-तीन मजले, अरुंद जिने, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आणि एरवी बंद असणारा दिवाणखाना, आणि हे सारे झाडण्यापुसण्यासाठी गडीमाणसे. कारखाने आणि कचेऱ्या वाढल्या तशी घरकामाला माणसे मिळेनाशी झाली. बंगल्याने हा सारा पसारा आवरला. घर एका मजल्याचे, फार तर दीड मजल्याचे. दारातून पाऊल टाकले की थेट बसाउठायच्या खोलीत. तीतूनच जेवणाच्या खोलीत. कपाटे, पुस्तकांच्या फळ्या, बाके भिंतीतच बसविलेली असत. त्यामुळे ज्या जोडप्याजवळ फारसे सामान नाही त्याचेही घर भरलेले दिसे. स्वयंपाकघर आटोपशीर, ओटा, मोरी आणि फडताळ हाताच्या अंतरावर. घरात न्हाणीघर, नळाचे पाणी आणि विजेचा दिवा. एकट्या गृहिणीला सांभाळता येईल असे हे घर होते, आणि त्या काळच्या मासिकांनी त्याची भलामण मुख्यतः याच गुणासाठी केली. गुस्ताव्ह स्टिकली याचे ‘क्राफ्ट्समन’ हे मासिक १९०१ ते १९१६ पर्यंत साधेपणा, हाताची कारागिरी आणि लाकडाचा प्रामाणिक वापर यांचा पुरस्कार करीत राहिले आणि आपल्या वाचकांना घरांचे आराखडेही पुरवीत राहिले. पॅसाडेना येथे ग्रीन बंधूंनी १९०८ साली गॅम्बल कुटुंबासाठी आराखडा केलेले घर हा या विचाराचा श्रीमंती आविष्कार; पण त्याच गावच्या गल्ल्यांतून कारकुनांसाठी त्याची साधी, स्वस्त भावंडे शेकड्यांनी उभी राहिली.

या घराच्या पुढच्या ओसरीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. छावणीतल्या बंगल्याचा व्हरांडा रस्त्यापासून जितका दूर तितकी साहेबाची प्रतिष्ठा मोठी. अमेरिकन बंगल्याची ओसरी याच्या नेमकी उलट, पायवाटेच्या अगदी जवळ आली. संध्याकाळी तेथे बसलेल्या माणसाला येणाराजाणारा सहज हाक मारी. एकच वास्तुविशेष, एका समाजात त्याने माणसे दूर ठेवली, दुसऱ्यात जवळ आणली. निदान काही माणसे जवळ आणली. ती कोणती, हे पुढे येईलच.

परंतु केवळ रूप आवडल्याने घर होत नाही. ते हाती यावे लागते. शिकागोच्या ‘सीअर्स, रोबक’ या टपालाने माल धाडणाऱ्या कंपनीने १९०८ साली घरांची सूची छापली. कपडे, घड्याळे, नांगर यांच्या बरोबरीने आता घरही टपालाने मागविता येऊ लागले. पसंत केलेला नमुना कळविला की आगगाडीच्या डब्यातून सामान येई: लाकडाचे तुकडे, दारे, खिडक्या, खिळे, रंग, आणि कोणता तुकडा कोठे बसवावा हे सांगणारी पुस्तिका. सुटे भाग तीस हजारांच्या घरात असत. पुढे तर लाकूड आधीच मापात कापून, त्यावर खुणा करून येऊ लागले; त्यामुळे मेहुणे, शेजारी आणि एखादा सुतार एवढ्यांच्या मदतीने घर उभे करता येई. १९४० पर्यंत या कंपनीने सत्तर हजारांच्या आसपास घरे विकली असे मानले जाते. त्यांत अनेक नमुने होते. बंगले त्यांतले विशेष लोकप्रिय.

याच कंपनीने काही वर्षांतच घरासाठी कर्जही देण्यास आरंभ केला, आणि येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. त्या काळी अमेरिकेतही गृहकर्ज म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. किमतीचा मोठा हिस्सा आधी रोख भरावा लागे. उरलेले कर्ज पाच-सात वर्षांचे, आणि मुदत संपताना बहुतेक मुद्दल एकदम फेडावयाचे किंवा कर्ज नव्याने मागावयाचे. जेथे तरुण कामगाराला हे साधले, तेथे ते बहुधा त्याच्याच लोकांनी चालविलेल्या बचत-मंडळांमुळे साधले. शिकागोतील चेक, पोलिश, लिथुएनियन वस्त्यांत अशी मंडळे गल्लोगल्ली होती. आठवड्याला थोडी थोडी रक्कम जमा करावयाची आणि आपली पाळी आली की घरासाठी कर्ज घ्यावयाचे. ज्यांच्या वाडवडिलांना युरोपात हक्काचा जमिनीचा तुकडा मिळाला नव्हता, त्यांना मालकीच्या चार भिंतींचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९१० ते १९४० या काळात शिकागोत सुमारे ऐंशी हजार बंगले झाले. अरुंद भूखंडावर विटांचे दीड मजल्याचे घर, पुढे मोठ्या खिडक्या, खाली तळघर आणि वर मोकळा माळा. माळा मुद्दामच अपुरा ठेवीत. संसार वाढला, पाळणा हलला, हातात पैसा आला, की तेथे खोल्या काढाव्यात. तरुणांसाठी बांधलेल्या घराचे याहून बोलके लक्षण सांगता येणार नाही: ते घर मालकाबरोबर वाढणारे होते.

१९२९ नंतरच्या मंदीने या व्यवस्थेचा दुबळेपणा उघडा पाडला. नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले, मुदत संपताच नवे कर्ज मिळेना. हजारो कुटुंबांची घरे जप्त झाली, आणि ‘सीअर्स’ कंपनीलाही आपला कर्जाचा व्यवसाय बंद करावा लागला. स्वतःच्याच ग्राहकाला घराबाहेर काढणाऱ्या दुकानदाराकडे पुन्हा कोण येणार? अखेर १९३४ साली संघसरकारने गृहकर्जाला विमा देणारी यंत्रणा उभी केली, आणि लांब मुदतीचे, समान मासिक हप्त्यांनी फिटणारे कर्ज ही रीत देशभर रूढ झाली. तिशीतल्या माणसाने घरात राहावयास जावे आणि पन्नाशीपर्यंत ते फेडावे, ही आज जगभर परिचित झालेली पद्धत तेथे अशी स्थिरावली.

परंतु हे दार सर्वांसाठी उघडे नव्हते, आणि ही या कथेची काळी बाजू आहे. अनेक वसाहतींच्या खरेदीखतांतच अशी अट घातलेली असे की हे घर कृष्णवर्णीयांना, आणि पुष्कळ ठिकाणी आशियाई लोकांना, विकता वा भाड्याने देता येणार नाही. कर्जाचा विमा उतरविणाऱ्या सरकारी यंत्रणेनेही सुरुवातीच्या काळात अशा अटींना उत्तेजनच दिले. ज्या देशातून बंगला हा शब्द आला, त्या देशाच्या माणसालाही याचा प्रत्यय आला. पेशावरचे वैष्णोदास बागाई १९१५ साली पत्नी कला आणि मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. हाताशी पैसा होता, इंग्रजी चांगले होते, देशाच्या स्वातंत्र्याची तळमळ होती. त्यांनी जवळच्या बर्कली गावात घर विकत घेतले. बिऱ्हाड घेऊन कुटुंब दाराशी पोहोचले, तो शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेले. ते कुटुंब तेथे राहिले नाही. पुढे बागाईंना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला, आणि बागाईंचे नागरिकत्व हिरावले गेले. कॅलिफोर्नियाच्या जमीनविषयक कायद्याखाली मालमत्ताही हातातून गेली. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कलाबाई मुलांसाठी जगल्या, दीर्घायुषी झाल्या. आणि ज्या बर्कलीने त्यांना घराबाहेर ठेवले होते, त्याच गावच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असा निर्णय १९४८ साली झाला. तरी प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही. शिकागोच्या बंगल्यांच्या पट्ट्यात मार्क्वेट पार्क नावाचा भाग आहे. ज्यांच्या वडिलांनी थोडे थोडे साठवून ती घरे घेतली होती, अशी माणसे तेथे राहत. घरखरेदीत वर्णभेद नसावा या मागणीसाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ५ ऑगस्ट १९६६ रोजी तेथे मोर्चा घेऊन गेले, तेव्हा जमावातून आलेला दगड त्यांच्या डोक्यास लागला. काल ज्यांना स्वतःला दारे बंद होती, तेच आज दाराशी दगड घेऊन उभे राहिले. घरविक्रीतील भेदभावास बंदी करणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये संमत झाला, तो किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्याने.

इंग्लंडातही या घराने दुसरा जन्म घेतला. पहिल्या महायुद्धानंतर किनाऱ्यांवर आणि हमरस्त्यांच्या कडेने स्वस्त बंगले इतके पसरले की निसर्गसौंदर्याचे कैवारी संतापले. क्लफ विल्यम्स-एलिस याने १९२८ साली लिहिलेल्या ‘इंग्लंड अँड द ऑक्टोपस’ या पुस्तकात अशा वाढीवर कडक टीका केली. टीका सर्वस्वी अनाठायी नव्हती. तरी टीकाकारांची स्वतःची घरे आधीच झालेली होती, हेही खरे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी लाखो घरे उद्ध्वस्त केली. तेव्हा १९४४ च्या कायद्यान्वये कारखान्यात तयार करून जागेवर जोडावयाचे दीड लाखांहून अधिक छोटे बंगले उभारले गेले. काही तर विमानांच्या कारखान्यांत अॅल्युमिनियमचे बनले. रणांगणावरून परतलेले सैनिक, त्यांच्या तरुण बायका आणि तान्ही मुले त्यांत भाड्याने राहावयास आली. न्हाणीघर, गरम पाणी आणि शीतकपाट या गोष्टी त्यांतील कित्येकांनी स्वतःच्या घरात प्रथमच पाहिल्या. सरकारने या घरांचे आयुष्य दहा वर्षे धरले होते. परंतु राहणाऱ्यांनी ती सोडण्याचे नाकारले, आणि काही वस्त्या साठ वर्षांहून अधिक टिकल्या. लंडनच्या कॅटफर्ड भागातील अशा वस्तीतल्या सहा घरांना २००९ साली संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला. तात्पुरत्या घरात माणसांनी कायमचा संसार केला.

आता पुन्हा स्वदेशी यावे. आपल्याकडील तरुणाला बंगल्याची ओढ नव्हती, असे कोण म्हणेल? वाड्यातल्या दीड खोलीत किंवा चाळीच्या सामाईक नळावर पाळी धरून संसार करणाऱ्या माणसाला मोकळे अंगण आणि स्वतंत्र न्हाणीघर नको होते, असे नव्हे. उणीव होती ती व्यवस्थेची. सहकाराचा कायदा १९०४ साली झाला. १९०९ मध्ये बंगळूरला आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था काढून वाट दाखविली. पुण्यात डेक्कन जिमखान्यासारख्या वसाहती उभ्या राहिल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या वाड्यांची वाताहत केल्यावर शहराबाहेरच्या माळांकडे लोकांचे लक्ष अधिकच वळले. परंतु नोकरदाराला घरासाठी पैसा मिळे तो सरकारी अग्रिमातून, विमा-पॉलिसीवर किंवा भविष्यनिर्वाह निधीतून. म्हणजे सेवा बरीचशी झाल्यावर. ज्याच्या गाठी उद्याची मिळकत आहे पण आजची शिल्लक नाही, अशा तरुणाला त्या उद्याच्या भरवशावर पैसे देणारी संस्थाच जवळजवळ नव्हती. हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने गृहकर्जासाठीच वाहिलेली एच. डी. एफ. सी. ही संस्था १९७७ साली निघाली, तेव्हा हे चित्र पालटू लागले.

दैवाचा खेळ असा की कर्ज आले तोवर जमीन हातची गेली होती. शहरे वाढली, भूखंडांचे भाव चढले, आणि एका कुटुंबाने चार गुंठ्यांवर राहावे हे परवडेनासे झाले. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा महाराष्ट्रात १९६३ साली झालेला होता. तरुणाच्या कर्जातून आता सदनिका आली. तिने लाखो कुटुंबांना पंचविशी-तिशीत स्वतःचे छप्पर दिले, हे तिचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु तिच्यासाठी जागा मोकळी झाली ती पुष्कळदा जुने बंगले पाडून. ‘श्रमसाफल्य’ची पाटी उतरली आणि त्याच जागी ‘श्रमसाफल्य अपार्टमेंट’ उभे राहिले. ज्या आंब्याखाली नातवंडे खेळली, तेथे आता मोटारी उभ्या राहतात. त्या मोटारींत कधी त्याच नातवंडांची एखादी असते. तरुण दांपत्य आजही बंगल्याच्या जाहिराती वाचते. मात्र त्या जाहिरातींतील भूखंड शहराच्या वेशीपासून दरवर्षी थोडा अधिक लांब गेलेला असतो.

अमेरिकेतही चक्र फिरले आहे. मध्यंतरी जुनाट म्हणून दुर्लक्षिलेले ते बंगले गेल्या शतकाच्या अखेरीस तरुण खरीददारांच्या पुन्हा डोळ्यांत भरले. लहान आटोपशीर घर, भिंतीतली लाकडी कपाटे, समोरची ओसरी आणि चालत जाण्याजोगा बाजार यांचे त्यांना अप्रूप वाटले. पॅसाडेनातील शेकडो जुन्या बंगल्यांच्या एका भागाला १९८९ साली संरक्षण मिळाले. त्याचे नावच ‘बंगलो हेवन’, म्हणजे बंगल्यांचा स्वर्ग. शिकागो नगरपालिकेने २००० साली आपल्या बंगल्यांच्या जतनासाठी विशेष योजना सुरू केली. परंतु आवड वाढली तशी किंमतही वाढली. कॅलिफोर्नियात जे घर एके काळी कारकुनाच्या पगारात बसत होते, ते आज तेथील कारकुनाच्या कल्पनेतही बसत नाही. घर तेच आहे, तितकेच लहान आहे. सर्वसामान्य तरुणाच्या आवाक्यातली जमीन मात्र त्याच्याखालून निघून गेली आहे.

बंगल्याचे रूप युगायुगांत पालटत आले: गवताचे, संगमरवराचे, कौलांचे, टपालाने आलेल्या लाकडाचे, विटांचे, अॅल्युमिनियमचे. त्याची ओढ मात्र सर्वत्र एकच राहिली. आपले दार, आपले छप्पर, थोडी मोकळी जागा, आणि मुले लहान असतानाच त्या जागेत त्यांना खेळताना पाहावयास मिळणे. ही ओढ जेव्हा जेव्हा फळास आली, तेव्हा ती घराच्या डौलामुळे आली नाही. कामावर स्वस्तात नेणारी गाडी, मिळकतीच्या आवाक्यातली जमीन, उद्याच्या भरवशावर मिळणारे कर्ज आणि दाराशी कुलूप न ठोकणारा शेजारी, या चार गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे बंगला तरुणांचा झाला. त्यांतली एक जरी उणी पडली, तरी तो हुद्द्याचा, श्रीमंतीचा किंवा उतारवयाचा झाला. बंगालच्या शेतकऱ्याने आपले घर बांबू आणि गवत यांतून, शेजाऱ्यांच्या मदतीने, ऐन उमेदीच्या वयात उभे केले असेल. ते बांधण्यासाठी त्याला साठीची वाट पाहावी लागली नसेल.